येरवडा तुरुंगात घडलेला चरखा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरमध्ये, खादीवर सवलत सुरू असताना, मी पुण्यातील एका खादी भांडारातून पेटी-चरखा विकत घेतला. तेव्हापासून आजारपणाचे दोन आठवडे वगळता रोज सकाळी अर्धा तास मी त्यावर सूत कातते आहे. या वस्तूविषयी वापरणाऱ्याच्या बाजूने लिहिलेले मला मराठीत फारसे आढळले नाही. जे आढळले ते एक तर भक्तिभावाने लिहिलेले होते किंवा दुकानाच्या माहितीपत्रकातले होते. म्हणून हा चरखा कसा चालतो, कुठे त्रास देतो आणि कोणी घ्यावा हे सविस्तर लिहिते आहे. मात्र तो ज्या कामासाठी घडवला गेला ते काम बाजूला ठेवून त्याचे परीक्षण करणे मला जमणार नाही, कारण ते काम सुतापुरते कधीच नव्हते.

मी एकतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. असहकाराचा पाठ आला की दरवर्षी वर्गातून कोणीतरी विचारत असे, "बाई, पण सूत कातून आणि मीठ उचलून इंग्रज कसे गेले?" मी पाठ्यपुस्तकातले उत्तर देत असे आणि मुले ते वहीत उतरवून घेत, पण त्यांना ते पटलेले नाही हे चेहऱ्यांवरून कळे. पुण्यातल्या मुलांनी चापेकर बंधूंची गोष्ट घरीच ऐकलेली असते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर झाडलेली गोळी त्यांना डोळ्यांपुढे दिसते. फिरणारे चाक आणि बदलणारे राज्य यांचा संबंध मात्र दिसत नाही. निवृत्त झाल्यावर तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला, आणि ज्या हत्याराविषयी मी इतकी वर्षे बोलत होते ते एकदाही हातात धरलेले नाही ही गोष्ट मला बोचू लागली.

सवलत वजा जाता चरखा मला ३,२०० रुपयांना पडला. बंद असताना तो मूठ लावलेल्या लाकडी बॅगेसारखा दिसतो. झाकण उघडून आडवे केले की आत दोन चाके झोपलेली असतात, एक मोठे आणि एक लहान. मोठ्या चाकाला फिरवण्यासाठी मूठ आहे. त्यावरून दोऱ्याची एक माळ लहान चाकाच्या कप्पीवर जाते आणि लहान चाकावरून दुसरी, अधिक बारीक माळ चातीवर जाते. चाती म्हणजे ती लोखंडी काडी, जिच्या टोकाशी सुताला पीळ बसतो आणि जिच्यावर ते गुंडाळले जाते. लहान चाकाला गतिचक्र म्हणतात आणि साऱ्या रचनेचा जीव त्यातच आहे. उभ्या चरख्यात जो वेग एका मोठ्या चाकातून मिळवावा लागतो, तो येथे दोन छोट्या चाकांनी वाढवत नेलेला असल्यामुळे संपूर्ण यंत्र एका हाताने उचलून नेता येते. माझी पेटी घरच्या काट्यावर सव्वाचार किलो भरली. आत जादा चात्यांसाठी खोबण आहे, आणि सूत उतरवून गुंडी, म्हणजे लडी, करण्यासाठी घडीचा फाळका, म्हणजे सूत गुंडाळायची चौकट, आहे.

ही रचना आपल्याच गावात, येरवड्याच्या तुरुंगात, आकाराला आली. मिठाच्या सत्याग्रहानंतर मे १९३० च्या पहिल्या आठवड्यात गांधीजींना कराडी येथून मध्यरात्री पकडून येरवड्याला आणले गेले, आणि २६ जानेवारी १९३१ रोजी सुटका होईपर्यंत ते तेथे होते. काही काळ काका कालेलकर त्यांच्या सोबतीला होते. या मुक्कामात गांधीजींनी प्रवासात नेता येईल अशा लहान चरख्यावर पुष्कळ खटपट केली आणि पुढे त्याला येरवडा चक्र हेच नाव पडले. त्याच्या आदल्या वर्षी, १९२९ मध्ये, अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. त्याच्या अटी कोणालाच पूर्ण करता आल्या नाहीत. पेटी-चरखा हे त्या बक्षिसाचे उत्तर नव्हते, पण गरज तीच होती: झोपडीत, रेल्वेच्या डब्यात आणि तुरुंगाच्या कोठडीत सारखाच चालेल असा चरखा. येरवड्यात वापरलेला म्हणून ओळखला जाणारा आणि पुढे एका अमेरिकन मिशनऱ्याला भेट दिलेला असा एक चरखा २०१३ मध्ये इंग्लंडमधील लिलावात १ लाख १० हजार पौंडांना विकला गेला. माझ्या पेटीची बनावट मुळात तीच आहे.

पुण्यात मात्र ही कल्पना त्याच्याही पन्नास-साठ वर्षे आधी एका माणसाने आचरून दाखवली होती, आणि त्याचे श्रेय त्यांना फार कमी दिले जाते. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी १८७२ मध्ये स्वदेशीची शपथ घेतली. ते स्वतः सूत कातत, आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात, जिथे राजेरजवाडे जरीच्या पोशाखात बसले होते, तिथे पुण्याच्या सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून ते हातकताईच्या पांढऱ्या खादीत गेले. शनिवार-नारायण पेठेत राहणाऱ्या मंडळींना हे माहीत असायला हवे असे मला मनापासून वाटते.

पहिले तीन आठवडे सूत सतत तुटत राहिले. पेटीबरोबर मिळालेले माहितीपत्रक अर्ध्या पानाचे होते आणि त्यातल्या आकृतीत चातीची बाजूच उलटी छापलेली होती. दुकानात चालवून दाखवणारे कोणी नव्हते. शेवटी कोथरूडमध्ये ओळखीच्या एका ऐंशी वर्षांच्या बाईंकडे मी पेटी घेऊन गेले. त्यांनी शाळेत असताना टकळीवर सूत काढले होते आणि पुढे बरीच वर्षे चरखा चालवला होता. त्यांनी माझा हात दोन मिनिटे पाहिला आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही ओढताय. ओढू नका. पेळूतून येईल तेवढंच येऊ द्या, आणि हात मागे न्या." उजवा हात चाक फिरवतो, डावा हात पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, धरून मागे जातो, पीळ पुरेसा बसला की हात किंचित वर नेऊन सूत चातीवर घ्यायचे. ही लय एकदा सापडली की तुटणे थांबते. घाई केली की सूत बारीक होऊन तुटते आणि बेफिकिरी केली की त्यात गाठी येतात. मला ही लय यायला साधारण दीड महिना लागला. नव्या माणसाने ते गृहीत धरूनच चरखा घ्यावा.

त्या दीड महिन्यात माझ्या लक्षात आलेली पहिली गोष्ट म्हणजे हे काम कोणीही करू शकते. मी चौसष्ट वर्षांची आहे, माझे गुडघे दुखतात, मी लाठी खाऊ शकत नाही आणि पिस्तूल चालवू शकत नाही. सशस्त्र लढ्याला तरुण, धडधाकट, गुप्तता पाळणारी आणि घरदार सोडू शकणारी माणसे लागतात, आणि ती कोणत्याही समाजात मूठभरच असतात. चापेकरांच्या धैर्याविषयी माझ्या मनात आदर आहे, पण गोळी झाडली गेल्यावर काय झाले तेही पाहिले पाहिजे. सरकारने पुण्यावर जादा पोलीस बसवले, नातू बंधूंना चौकशीविना अडकवून ठेवले, टिळकांना राजद्रोहाखाली शिक्षा केली आणि चापेकर फासावर गेले. पिस्तुलाला द्यायचे उत्तर सरकारकडे तयार होते, कारण पिस्तूल ही सरकारच्या ओळखीची भाषा होती. शिवाय बाकीचे पुणे त्या काळात घराची दारे लावून बसण्यापलीकडे काही करू शकले नाही. त्यांना करण्यासारखे काम कोणी दिलेले नव्हते. चरख्याने आणि त्याच्याबरोबर आलेल्या बहिष्काराने ते काम दिले. आजीला दिले, शाळकरी मुलाला दिले, परसात बसलेल्या विधवेलाही दिले.

पण कोणीही करू शकते एवढ्याने राज्य जात नाही. ते का जाते, हे समजण्यासाठी राज्य चालते कशावर, हे पाहावे लागते. १९३१ च्या शिरगणतीत हिंदुस्थानची लोकसंख्या ३५ कोटींच्या घरात होती आणि देशाचा कारभार वरून चालवणाऱ्या आयसीएस (इंडियन सिव्हिल सर्व्हिस) अधिकाऱ्यांची संख्या हजाराच्या आसपास होती. हे हजार लोक स्वतः शेतसारा गोळा करत नव्हते. गावचा पाटील सारा वसूल करी, कुलकर्णी किंवा तलाठी त्याची नोंद ठेवी, मामलेदार कचेरीतला कारकून ती कलेक्टरकडे पाठवी, शिपाई जप्तीला जाई, वकील कोर्टात उभा राही, आणि या सगळ्यांची मुले सरकारी शाळेत शिकून पुढचे कारकून होत. १९०९ मध्येच गांधीजींनी लिहिले होते की इंग्रजांनी हिंदुस्थान घेतला नाही, आपण तो त्यांना दिला. मी हे वाक्य कितीतरी वेळा वर्गात सांगितले, पण ते मला नैतिक उपदेशासारखे वाटत असे. आता ते मला हिशेबाच्या वहीतली नोंद वाटते. जे राज्य रोज लाखो लोकांच्या हातांनी चालते, ते त्या हातांनी काम थांबवले तर थांबते. आणि परक्या, दूर देशाहून चालवल्या जाणाऱ्या राज्याला तर या हातांची गरज सर्वांत जास्त असते.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आपल्याच जुन्या मुंबई इलाख्यातले आहे. १९२८ मध्ये सुरत जिल्ह्यातील बारडोली तालुक्यात सरकारने शेतसारा २२ टक्क्यांनी वाढवला. वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सारा भरायचे नाकारले. सरकारने जप्तीचे हुकूम काढले. हुकूम काढायला एक सही पुरते. पण जप्ती करायची तर घर दाखवणारा पाटील हवा, पंचनाम्याला पंच हवेत, म्हैस ओढून न्यायला माणूस हवा, सामान वाहायला गाडीवान हवा, आणि लिलावात बोली लावणारा गिऱ्हाईक हवा. पाटील आणि तलाठ्यांनी राजीनामे दिले. घरांना दिवसभर कुलुपे लागली. गुरे माणसांबरोबर घरातच कोंडून घेतली गेली. सरकारला बाहेरून पठाण आणावे लागले. जप्त केलेल्या जमिनीला तालुक्यात खरेदीदार मिळेना, आणि ज्याने घेतली त्याच्याशी गावाने व्यवहार तोडला. शेवटी सरकारला चौकशी नेमावी लागली, आणि ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या सरकारच्याच दोन अधिकाऱ्यांनी २२ टक्क्यांची वाढ अयोग्य ठरवून ती ६.०३ टक्क्यांवर आणली. यात गोळीबार करून सुटण्यासारखा एकही प्रसंग सरकारच्या हाती लागला नाही. गोळी घालून म्हैस विकली जात नाही. ही गोष्ट मी वर्गात एका परिच्छेदात उरकत होते याचे मला आज वाईट वाटते, कारण त्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तीत आहे.

उरलेले अर्धे उत्तर तुरुंगात आहे. कायद्याच्या राज्यात शेवटचे हत्यार तुरुंग असते आणि ते शिक्षेपेक्षा भीतीवर जास्त चालते. १९३० मध्ये साठ हजारांहून अधिक माणसे आपण होऊन तुरुंगात गेली. ज्या माणसाला तुरुंगाची भीती उरलेली नाही, जो आत जाऊन पेटी उघडतो आणि रोजचे ठरलेले सूत कातायला बसतो, त्याच्यावर सरकारला आणखी काही करता येत नाही. येरवड्यात चरखा सुधारणारा कैदी हे दृश्य माझ्या मनात आता या अर्थाने बसले आहे. त्याच तुरुंगात, त्याच काळात, १२ जानेवारी १९३१ रोजी सोलापूरच्या मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी दिले गेले, हेही विसरता येत नाही. गांधीजींना पकडल्यावर सोलापुरात उसळलेल्या संतापानंतर तेथे लष्करी कायदा पुकारला गेला होता. गोडीगुलाबीने वागणारे सरकार होते म्हणून अहिंसा चालली, असे म्हणणाऱ्यांनी येरवड्यातली ही तारीख आठवावी.

सरकारचे हात कुठे थरथरले ते पेशावरला दिसले. २३ एप्रिल १९३० रोजी तेथे अब्दुल गफारखानांच्या खुदाई खिदमतगारांच्या निःशस्त्र जमावावर गोळ्या झाडण्यास गढवाल रायफल्सच्या शिपायांनी नकार दिला. चंद्रसिंह गढवालींना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यासाठी कठोर शिक्षा झाल्या. त्या दिवशी इतर तुकड्यांनी गोळीबार केला आणि पुष्कळ माणसे मेली, हे खरे आहे. पण बंदूक धरलेल्या शिपायाच्या मनात "हे लोक मला मारायला आलेले नाहीत" हा विचार येऊ शकला, याचे कारण समोरच्यांच्या हातात काही नव्हते. समोरून एक दगड आला असता तरी तो विचार पुसला गेला असता, आणि अशी शिस्त आयत्या वेळी येत नाही. माझ्या समजुतीने चरख्याचा उपयोग तिथे होता. रोज अर्धा तास बसून, तुटले तर जोडून, राग न धरता एकच हालचाल शेकडो वेळा करायची, याची ज्याला सवय झाली त्याला लाठीपुढे स्थिर उभे राहणे थोडे तरी सोपे जात असावे. माझा अनुभव खूपच लहान आहे. पण हट्टाने ओढलेले सूत तुटते आणि शांतपणे सोडलेले टिकते हे शरीराला कळायलाही मला दीड महिना लागला.

आणि पैसा. १९२०-२१ मध्ये देशात सुमारे १०२ कोटी रुपयांचे परदेशी कापड आले होते. असहकाराच्या पुढच्या वर्षात तो आकडा ५७ कोटींवर आला. हा फरक सगळा चरख्याने पडला असे कोणी म्हणणार नाही, त्यात दुकानांपुढच्या निदर्शनांचा आणि बाजारातल्या मंदीचाही वाटा होता. पण वसाहत फायद्यासाठी ठेवलेली असते, आणि तिचा खर्च वाढून फायदा घटू लागला की मायदेशातच प्रश्न विचारले जाऊ लागतात. या कापडावरच्या बहिष्कारासाठी पुणे जिल्ह्याने आपला माणूस दिला. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा गिरणी कामगार बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी मालाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि चिरडला गेला. मंडईतून भाजी आणताना मी त्याच्या नावाच्या चौकातून जाते.

हे सगळे लिहिताना मला दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे, कारण पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर अहिंसक लढा हरला होता. १९२१ पासून मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. बायकापोरे बांधकामावर जाऊन बसली, मार खाल्ला, तुरुंगात गेली. तरीही धरण झाले, गावे बुडाली आणि वीज मुंबईला गेली. मी बराच विचार केल्यावर या पराभवाचे कारण मला असे दिसते: बारडोलीत सरकारला शेतकरी हवा होता, कारण त्याच्याकडून सारा घ्यायचा होता, मुळशीत कंपनीला फक्त जमीन हवी होती, शेतकरी नको होता. ज्याला तुमची गरजच नाही त्याच्याशी असहकार करून त्याचे काम अडत नाही. शिवाय आपल्यातच फूट होती. मावळातल्या अनेक जमिनींचे सावकार पुण्यात बसले होते आणि त्यांना मोबदला हवा होता. शेवटी बापटांनी स्वतः शस्त्र हाती घेऊन कंपनीची रेल्वे अडवली आणि शिक्षा भोगली. म्हणून अहिंसक प्रतिकार सर्वत्र आणि नेहमी जिंकतो असे मी म्हणणार नाही. सत्ता ज्यांच्या श्रमावर आणि होकारावर उभी आहे त्यांनी तो केला, ते फुटले नाहीत आणि पुरेसा काळ टिकले, तर तो जिंकू शकतो.

येरवड्याच्याच संदर्भात १९३२ च्या सप्टेंबरचाही, म्हणजे दलितांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध गांधीजींनी तेथे केलेल्या उपोषणाचा आणि त्यातून झालेल्या पुणे कराराचाही, उल्लेख टाळता येत नाही. त्या उपोषणाचे दडपण प्रत्यक्षात वसाहतीच्या सरकारपेक्षा डॉ. आंबेडकरांवर जास्त पडले, आणि त्यांनी त्याविषयी जे कठोर शब्द वापरले ते मला न्याय्य वाटतात. अहिंसेचे साधन कोणाविरुद्ध वापरले जाते, हा प्रश्न त्या करारानंतर कायमचा उभा राहिला आहे. तसेच १९४७ चे श्रेय एकट्या सत्याग्रहाचे नाही. महायुद्धाने ब्रिटनला कर्जबाजारी केले होते, आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या नौसैनिकांनी केलेल्या बंडाने सरकारला आपल्या फौजेची खात्री उरली नाही. पण त्या नौसैनिकांच्या घरांतही पंचवीस वर्षे खादी, मीठ आणि तुरुंग यांच्या गोष्टी चाललेल्या होत्या. असहकाराने आधी होकार पोखरला होता, नंतरच्या घटनांनी तो कोसळला.

आता पुन्हा पेटीकडे येते. लाकूड पूर्ण सागवानी असल्याचे सांगून मला ती विकली गेली, पण तळाची फळी प्लायवूडची निघाली. दोन चात्यांपैकी एक किंचित वाकडी होती आणि फिरताना थरथरत असे. ती बदलून मिळायला तीन खेपा आणि पाच आठवडे लागले. दुकानातले गृहस्थ सभ्य होते, पण त्यांना स्वतःला चरखा चालवता येत नव्हता, त्यामुळे माझी तक्रार काय आहे हेच त्यांना कळत नव्हते. घेताना पेटी दुकानातच उघडायला लावावी, दोन्ही चात्या बसवून चाक जोरात फिरवावे, आणि चातीचे टोक हलताना दिसले तर ती घेऊ नये. सोबत दिलेले पेळू कडक आणि गुठळ्यांचे होते. ते बाजूला ठेवून मऊ पिंजलेले पेळू वेगळे घेतले तेव्हा माझे सूत एका दिवसात सुधारले, आणि त्याआधीचे अपयश सगळे माझे नव्हते हे कळले.

माळेचा त्रास हवामानाप्रमाणे बदलतो. जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत ती सैल पडून घसरत होती, चाक फिरे आणि चाती थांबे. तिला मेण आणि थोडी राळ चोळल्यावर पकड आली. आता जूनचा पाऊस सुरू झाल्यापासून तीच माळ ओल धरून आखडली आहे आणि चाक जड झाले आहे. पुण्यात राहणाऱ्यांनी दोन माळा ठेवाव्यात, एक घट्ट आणि एक ढिली. आसांना महिन्यातून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. आवाज अगदी कमी आहे. सकाळी सहाला कातताना शेजारच्या खोलीतली माणसे जागी होत नाहीत. बैठक मात्र जमिनीवरची आहे, आणि माझ्यासारख्या गुडघेदुखीवाल्यांनी पेटी ठेवण्यासाठी बसकी चौरंगवजा टेबले करून घ्यावीत, खुर्चीवर बसून ती मांडीवर धरता येत नाही.

वेगाचा हिशेब मी मुद्दाम ठेवला, कारण त्यामागे एक जुनी तारीख आहे. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसने ठरवले की सभासदत्वासाठी दर महिन्याला २,००० यार्ड सूत द्यावे. ही अट टिकली नाही, आणि दुसऱ्याच वर्षी ती ऐच्छिक करावी लागली. रवींद्रनाथांनी तर सक्तीच्या आणि यांत्रिक कताईवर त्याच्याही आधी टीका केली होती, आणि विचार न करता फिरवलेल्या चाकाविषयीची त्यांची काळजी मला खरी वाटते. तरी ती अट अशक्य होती का, हे मला पाहायचे होते. चार फुटांचा एक तार धरला तर २,००० यार्ड म्हणजे १,५०० तार होतात. चौथ्या महिन्यापासून रोज अर्ध्या तासात माझे पन्नासच्या आसपास तार निघतात, म्हणजे महिन्याला साधारण तेवढेच. मला ते जमते आहे. तेव्हाच्या वकिलांना आणि पुढाऱ्यांना ते का जमले नाही याचे उत्तर, माझ्या मते, वेळेच्या कमतरतेत नव्हते. जे काम खेड्यातली बाई करते ते आपण करावे हे त्यांच्यापैकी अनेकांना पटले नव्हते.

ज्यांना कापड हवे आहे त्यांनी हा चरखा घेऊ नये. खादी विकत घेणे कितीतरी स्वस्त पडते. इतिहास शिकवणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा आणि वर्गात न्यावा, त्यासाठी तर तो उचलता येण्याजोगा केलेला आहे. मी एप्रिलमध्ये माझ्या जुन्या शाळेत तो नेला होता. आठवीच्या मुलांनी चाळीस मिनिटांत तीन पेळू संपवले, सूत एकाचेही झाले नाही, आणि शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले की बारडोलीत म्हशी घरात कोंडल्या तर त्यांना चारा कोण आणत होते. मला उत्तर माहीत नव्हते, पण इतक्या वर्षांत प्रथमच प्रश्न योग्य जागी आला होता.

माझ्याकडे आता अकरा गुंड्या झाल्या आहेत, एका पंचापुरते सूत. गेल्या आठवड्यात मी त्या ओळखीच्या एका हातमागवाल्यांना दाखवल्या. त्यांनी गुंडीतून एक तार काढून दोन्ही हातांनी ताणला, दुसरा काढला, मग पहिल्या पाच गुंड्या वेगळ्या ठेवल्या आणि म्हणाले, "ताई, हे बाण्याला चालेल. ताण्याला नाही. ताण्याला पीळ कमी पडतो, मागावर चढवल्यावर तुटेल." ताणा म्हणजे कापडातले उभे धागे, बाणा म्हणजे आडवे. उरलेल्या सहांपैकी दोन ताण्याला चालतील असे त्यांचे मत पडले. त्यामुळे पंचा या पावसाळ्यात होणार नाही. या सोमवारपासून मी प्रत्येक तारेला चाकाचे दोन फेरे जास्त देते आहे.